राहीबाईनं अडवलेली शिष्टाई

या, असे जवळ सरका. तिकडं खांबाला टेकून बसलात तर निम्मं ऐकू येईल, आणि ही गोष्ट निम्मी ऐकून चालायची नाही. देवाच्या दारात बसून सांगतोय, तेव्हा तिखटमीठ लावणार नाही. एक मात्र आधीच कबूल करतो. जे झालं ते सगळं मी बुवांच्या मागं झांज घेऊन उभ्या उभ्या पाहिलंय, तरी ते का झालं हे मला आजतागायत उमगलेलं नाही. तुम्हाला उमगलं तर जाता जाता सांगून जा.

साल एकोणीसशे बाहत्तर. आमचं गाव वडूजपासून दोन कोसांवर, माळावरचं. घरटी एक तरी माणूस फौजेत. त्यामुळं दिल्लीत काही शिजलं की त्याचा वास आमच्या गावात येतो, पण काय शिजलंय ते मात्र कळत नाही.

राहीबाईचा मानसिंग असाच फौजेत होता. बाईला नवरा नाही, दुसरं लेकरू नाही. आदल्या डिसेंबरात पाकिस्तानाशी लढाई झाली आणि पंधरा दिवसांच्या आत संपलीही. आपण जिंकलो म्हणून गावानं गुलाल उधळला. त्या गुलालाचे कपडे धुऊन होतात न होतात तोच राहीबाईकडं तार आली, मानसिंग बेपत्ता. दोन महिन्यांनी रेडक्रॉसचं एक कार्ड आलं. हिंदीत चार ओळी. जिवंत आहे, कैदेत आहे, तब्येत ठीक, काळजी करू नये. ते कार्ड बाईनं देव्हाऱ्यात ठेवलं आणि रोज त्याला गंध लावू लागली. मे महिन्यापर्यंत अक्षरं गंधाखाली गेली.

तिचं म्हणणं साधं होतं. "आपुन जिकलो न्हवं? मग माजं पोरगं त्यांच्याकडं कसं?"

असल्या प्रश्नांची उत्तरं द्यायला गावात केरबा हवालदार होता. मोठ्या लढाईत इटलीपर्यंत जाऊन आलेला, पेन्शनीत ट्रान्झिस्टर घेतलेला. बातम्या लागल्या की तो गडी ताठ बसायचा.

"वैनी, त्यांचं नव्वद हजाराच्या वर कैदी आपल्याकडं हाईत," हवालदार सांगायचा. "आपलं त्यांच्याकडं पाच-सहाशे."

"मग त्यांचं नव्वद हजार देऊन टाका की, आन् माजा एक आना."

"तसं नसतंय."

"मग कसं असतंय?"

हवालदार मिशीवरनं हात फिरवायचा. "ते आंतरराष्ट्रीय असतंय."

जूनमध्ये पाऊस लांबला. पंचमंडळींनी मारुतीच्या देवळात पाच दिवसांचं कीर्तन ठरवलं आणि सांगलीहून नरहरबुवांना बोलावणं धाडलं. बुवा मूळचे तासगावचे, बिऱ्हाड सांगलीत. काय आवाज होता हो! अंगरखा घालून, उपरणं सावरून त्यांनी नुसत्या चिपळ्या वाजवल्या तरी देवळातली कबुतरं गप्प बसायची. रॉकेलची बोंब होती, म्हणून कीर्तन दुपारी चारलाच सुरू करायचं ठरलं.

आता आमच्या गावची रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यापायी घडलं. आख्यान लावलं की पहिल्या दिवशी बुवा देवापुढं नारळ ठेवतात. आख्यान संपलं की तो फोडायचा. नारळ फुटल्याशिवाय बुवांनी शीव ओलांडायची नाही, आणि त्या देवळात दुसरं कीर्तन उभं राहायचं नाही. देवाला अर्ध्या गोष्टीवर टांगून ठेवायचं म्हणजे काय!

बुवांनी आख्यान लावलं ते कृष्णशिष्टाईचं. पांडवांचा वनवास संपलाय, युद्ध टाळावं म्हणून खुद्द देव दूत होऊन कौरवांच्या दरबारी बोलणी करायला निघालेत.

त्याच दिवशी, बुधवारी, हवालदार ट्रान्झिस्टर बगलेत मारून देवळात आला. "ऐका! आपल्या पंतप्रधान आन् त्यांचं अध्यक्ष सिमल्याला भेटलं. बोलणी सुरू झाली."

देवळात कुजबुज उठली. इकडं देव रथात बसलेत, तिकडं सिमल्याला बोलणी. कोण म्हणेल हा योगायोग? राहीबाई पहिल्या रांगेत बसली होती. तिनं हात जोडले ते तासभर सोडलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी बुवांनी विदुराघरच्या कण्या रंगवल्या. तिसऱ्या दिवशी देव दरबारात आले. पाच भावांना पाच गावं तरी द्या, म्हणाले. रेडिओ मात्र रोज खाली खाली चाललेला. हवालदार येऊन सांगायचा, "अडलंय." चौथ्या दिवशी म्हणाला, "लय अडलंय. मोडतंय बहुतेक."

रविवार, पाचवा दिवस. देऊळ गच्च. बुवा रंगात आलेले. दुर्योधन आसनावरून उठला, त्यानं मांडीवर थाप मारली, मिशीला पीळ दिला, आणि आता तो बोलणार...

"थांबा!"

मी झांज हवेतच धरली. राहीबाई उभी होती.

"बुवा, पाया पडते तुमच्या. त्याला बोलू देऊ नगा."

"राहीबाई, अहो..." बुवा म्हणाले.

"त्यो काय बोलतोय ते समद्यास्नी ठावं हाय. न्हाई म्हणतोय त्यो! आन् तुमी त्याला आज न्हाई म्हणायला लावलं, तर तिकडं सिमल्यात ते बी न्हाईच म्हणत्याल. माजं पोरगं तिकडं हाय, बुवा."

हसायला हवं होतं म्हणा कुणीतरी. कुणी हसलं नाही. सगळ्यांना ते इतकं खरं वाटलं, की दोघीतिघी बायाही उठून उभ्या राहिल्या. बुवांनी डोळे मिटले. घामानं गंध ओघळलं होतं. मग त्यांनी चिपळ्या कमरेला खोवल्या आणि म्हणाले, "आईनं थांब म्हटल्यावर माझ्या तोंडून पुढचं निघायचं नाही. देव दरबारात उभेच राहू देत."

सोमवारी सकाळी हवालदार अनवाणी पळत आला. "झाला! करार झाला! मोडलं-मोडलं म्हणता मध्यरात्रीनंतर सह्या झाल्या!"

काय सांगू तुम्हाला! गावानं गूळ वाटला. पोरांनी राहीबाईच्या दारापुढं लेझीम धरली. बुवांनी आपली पिशवी भरायला घेतली, तेव्हा पंचमंडळी आडवी आली. नारळ फुटला नव्हता. आणि मानसिंग घरी येईपर्यंत तो फोडायचा नाही, हे तर आता लहान पोरसुद्धा सांगत होतं. दुर्योधनाचं तोंड उघडून, झालेला करार कोण मोडून घेईल?

बुवा हसले. "आठ दिवसांत येईल पोरगा. राहतो की."

आठ दिवसांनी हवालदारानं वडूजहून वर्तमानपत्र आणलं आणि पारावर बसून करार वाचला. एकमेकांत भांडण उरलं तर दोघांनीच बोलून मिटवायचं, तिसऱ्यानं मधे पडायचं नाही. फौजा मागं घ्यायच्या. काश्मिरातली ताबारेषा दोघांनी मानायची. वाचता वाचता त्याचा आवाज बारीक झाला.

"आन् कैदी?" राहीबाईनं विचारलं.

"त्याचं... म्होरच्या बैठकीत बोलणार हाईत."

"मग सह्या कशावर केल्या?"

"म्होरं बोलायचं, ह्यावर."

बाईनं आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं. हवालदारानं वर्तमानपत्राची घडी घातली.

पाऊस आलाच नाही. दुष्काळी कामं निघाली. गाव रस्त्यावर खडी फोडायला लागलं. आणि बुवाही आले! "तुमच्या तोंडचा घास बसून खाऊ काय?" म्हणाले. तासगाव-सांगलीत द्राक्षं खाल्लेला, चिपळ्यांपलीकडं जड काही न उचललेला माणूस. आठ दिवसांत हातांना फोड आले, फुटले, घट्टे पडले. दुपारच्या सुट्टीत लिंबाखाली भजन म्हणायचे. घरोघरच्या बाया पाळीपाळीनं भाकरी आणायच्या. पोरं चेष्टा करायची, "बुवा, तुमी आमचं युद्धकैदी." बुवा म्हणायचे, "मग रेडक्रॉसचं कार्ड द्या रे, बायकोला खुशाली कळवतो." सांगलीहून पत्रं यायची. बुवा ती वाचून टोपीत ठेवायचे आणि पुन्हा हातोडा उचलायचे.

श्रावण गेला, गणपती बसले आणि उठले, तरी हवालदाराच्या बातमीत एकच. ताबारेषा आखायचं काम अडलंय. एकदा त्यानं रस्त्यावरच काठीनं रेघ ओढून दाखवली. "हे आपलं, हे त्यांचं. दोन्हीकडचं जनरल नकाशे घिऊन बसल्यात. एका वाडीवरनं अडलंय म्हणं."

"मंजी बांधाचंच भांडान की रं," गुंडा म्हणाला. सख्ख्या भावाशी बांधावरनं बारा वर्षं कोर्टात असलेला हा माणूस. "मोजणीदार कुनाचा हाय?"

"दोगांचा."

"मेलं मग!" गुंडानं हातोडा खाली ठेवला. "दोगांचा मोजणीदार मंजी कुनाचाच न्हाई. वैनी, बसा आता."

"रेघ आखायला माजं पोरगं कशाला पायजे?" राहीबाई म्हणाली. "खुटी म्हणून रोवायचं हाय काय त्याला?"

त्यानंतर गावात दोन तट पडले. एक म्हणे, थांबवलंय तेच बरं, करार टिकलाय. दुसरा म्हणे, आवं, देव तिकडं दरबारात पाय अवघडून उभे, ना हो ना नाही. म्हणून तर दिल्लीतबी समदं अडकलंय! नारळ फोडा, काय व्हायचं ते होऊ दे. मी स्वतः सकाळी एका तटात असायचो आणि संध्याकाळी दुसऱ्या.

राहीबाईनं एकदा खडीच्या ढिगावर बसून बुवांना विचारलं, "तुमीच सांगा. म्या थांबवलं ते बरं केलं का वाईट?"

"मला कळत नाही हो राहीबाई," बुवा म्हणाले. "चाळीस वर्षं दरबार रंगवतोय. आत गेलेल्या माणसाचं बाहेर वाट बघणाऱ्यांना काय होतं, हे कधी सांगितलंच नाही मी."

दिवाळी झाली. बुवांची दिवाळी आमच्याकडंच, बिनतेलाची. आणि त्यानंतर आठवड्याभरात एस.टी.तून एक बाई उतरली. नऊवारी पातळ, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात फराळाचा पितळी डबा. कुणाला काही न विचारता तिनं राहीबाईचं घर शोधलं. बुवांच्या मंडळी, अंबूबाई.

त्या दिवशी कामाला सुट्टी होती, बुवा तेवढे ओढ्याकडं अंघोळीला गेलेले. राहीबाईच्या दारात बघता बघता गाव जमलं.

"राहीबाई तुम्हीच का?" अंबूबाई म्हणाल्या. "माझा माणूस न्यायला आलेय."

"बसा काकू. पानी घ्या."

"पाणी नको. साडेचार महिने झाले. घरात म्हातारे सासरे रोज उंबऱ्याशी बसून विचारतात, नरहर आला का. काय सांगू त्यांना? एका गावानं ठेवून घेतलाय, कारण दुसऱ्या देशानं त्यांचा मुलगा ठेवून घेतलाय? मला सांगता सांगता माझंच डोकं फिरतं."

"माजं बी फिरतंय काकू."

"मग सोडा त्यांना."

"माजं पोरगं आलं की..."

"आणि नाही आलं तर?"

हवालदारानं घसा साफ केला. "हे बगा बाईसाहेब, ह्याच्यात आसा एक तोडगा..."

राहीबाई गर्रकन वळली. "केरबा, तूच वाचून दावलंस न्हवं, दोगांनीच बोलायचं, तिसऱ्यानं मधी पडायचं न्हाई? मग जा तिकडं गोठ्याकडं."

हवालदार खरोखरच गोठ्याकडं गेला.

एवढ्यात बुवा ओढ्यावरून आले. बायकोला बघून जागच्या जागी थांबले. अंबूबाई पुढं झाल्या, काहीतरी टाकून बोलणार होत्या बहुतेक, तोच त्यांचं लक्ष हातांकडं गेलं. त्यांनी बुवांचा उजवा हात उलटा केला, सुलटा केला. घट्टे, भेगा, एका बोटाचं नख काळं पडलेलं.

"ह्या हातांनी चिपळ्या धरता?" त्या एवढंच म्हणाल्या. मग डब्याचं झाकण उघडायला गेल्या आणि ते त्यांच्यानं उघडेना.

राहीबाईनं डबा त्यांच्या हातातून घेतला, झाकण काढलं, त्यांच्यापुढं ठेवलं. बराच वेळ ती त्या फराळाकडं बघत होती. मला दिसत होतं तिच्या मनात काय चाललंय. तिच्या लेखी नारळ फोडणं म्हणजे दुर्योधनाला बोलू देणं, आणि दुर्योधन बोलला की मानसिंग संपला. हे तिला कुणी पढवलं नव्हतं आणि कुणी तिच्या मनातून काढूही शकलं नसतं.

"बुवा," ती म्हणाली, "उद्या आख्यान पुरं करा. आन् काकूंसंगं घरला जावा."

"राहीबाई, तुमची तयारी आहे?"

"न्हाई," बाई म्हणाली. "पर करा."

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला कीर्तन उभं राहिलं. माझी झांज बेताल पडत होती. बुवांनी जिथं सोडलं होतं तिथूनच धरलं. दुर्योधन उठला. राहीबाई पहिल्या रांगेत, पदर दातात धरून. दुर्योधन बोलला. सुईच्या टोकाएवढीही जमीन देणार नाही, म्हणाला. त्यानं देवालाच बांधून ठेवा म्हणून हुकूम केला, तेव्हा मागं कुणीतरी हुंदका दिला. अंबूबाई होत्या त्या.

एरवी बुवा इथून विश्वरूपावर जायचे, युद्धाचा शंख फुंकायचे आणि आरती. त्या दिवशी विश्वरूप त्यांनी चार शब्दांत उरकलं. म्हणाले, "मंडळी, बोलणी मोडली. पण देव दरबारातून चालत बाहेर आले. आणि कुठं गेले? कुंतीकडं गेले. तेरा वर्षं लेकरांचं तोंड न बघितलेली ती आई. तिनं युद्धाचं विचारलं नाही, राज्याचं विचारलं नाही. आधी विचारलं, माझी पोरं बरी आहेत ना?" पुढचा पाऊण तास बुवा कुंतीच्या उंबऱ्यावरून हललेच नाहीत. नुसती विचारपूस चाललेली. धाकट्याला थंडी सोसते का, भीमाचं पोट भरतं का. राहीबाई पदर सोडून ऐकत होती, आणि मधेच मान हलवत होती, जणू तिलाच कुणी उत्तरं देतंय.

नारळ फुटला. सकाळच्या गाडीनं बुवा गेले. गाडी दिसेनाशी झाल्यावर राहीबाई मला म्हणाली, "ज्ञानू, झालं ते झालं," आणि कामावर निघून गेली. देव्हाऱ्यातलं कार्ड तिनं काढून पेटीत ठेवलं. आता पोरगा काही यायचा नाही असंच तिनं धरलं होतं.

त्यानंतर दोन आठवडे झाले असतील. हवालदार रस्त्यावर आला, पण या वेळी पळत नव्हता. सावकाश आला, ट्रान्झिस्टर छातीशी धरून.

"वैनी, पश्चिमेच्या आघाडीवरचं कैदी दोन्हीकडनं सोडायचं ठरलंय."

"खरं सांग केरबा."

"दोनदा ऐकलं. पयल्यांदा मलाबी खरं वाटलं न्हाई."

डिसेंबरच्या एक तारखेला ते सरहद्द ओलांडून आले आणि महिनाअखेरीला मानसिंग रजेवर घरी. आम्ही वडूजच्या स्टँडवर गेलो होतो. वाळलेला, केस बारीक कापलेले, पण धड चालत आला. राहीबाईनं त्याच्या तोंडावरनं हात फिरवला, पाठीवरनं फिरवला, मग दंड दाबून बघितला. रडली नाही. तिला आधी कळून घ्यायचं होतं.

"काय रं, कशापायी सोडलं तुला?"

"काय ठावं आये. सकाळी म्हणाले, सामान बांधा."

"काय बोललं का न्हाई कोन? करार, रेघ, काय?"

"आमास्नी कोन सांगतंय? गाडीत बसवलं, सरहद्दीवर उतरवलं. तिकडनं त्यांचं कैदी येत हुतं. आमी ह्या बाजूनं, ते त्या बाजूनं."

"मग आदी कोन निगालं?" राहीबाईनं विचारलं. "ते का तुमी?"

मानसिंग विचार करू लागला. स्टँडवर गाड्यांची घरघर चाललेली. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होतो, हवालदारसुद्धा.

"ध्येनात न्हाई आये," तो शेवटी म्हणाला. "म्या खालीच बगत हुतो. पायात कायतरी आडकंल म्हणून."

राहीबाईनं मान डोलावली. कळल्यासारखी की न कळल्यासारखी, ते मला सांगता येणार नाही. मग तिनं त्याची वळकटी उचलून डोक्यावर घेतली आणि पुढं चालू लागली. तो "आये, दे की" म्हणत मागनं.

आता तुम्हीच सांगा. रेघ ठरली म्हणून सोडले म्हणावं, तर रेघेचे नकाशे सह्या होऊन पक्के झाले ते त्यानंतर दहा दिवसांनी. नव्वद हजारांच्या बदल्यात म्हणावं, तर ते पूर्वेच्या आघाडीवरचे नव्वद हजार पुढंही आपल्याकडंच होते. आख्यान थांबवलं म्हणून करार झाला म्हणावं, तर पुरं केल्यावर तो मोडायला हवा होता. हवालदार मरेपर्यंत दर वर्षी वेगळं कारण सांगत राहिला. बुवांना मी पुढं सांगलीत कृष्णेच्या घाटावर गाठून विचारलं. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि मला चहा पाजला.

राहीबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिला करार कळला नाही, रेघ कळली नाही. पोरगा येईल असं एकही चिन्ह नसताना तिनं दुसरीचा माणूस आधी सोडला, तेवढं मात्र मी बघितलंय. तेव्हा तुमच्याकडं एकच मागणं. कुठं दोघं बोलायला बसलेत आणि बोलणं अडलंय असं कानावर आलं, तर आमच्या राहीबाईची एकदा आठवण काढा.